जुनी टू-स्ट्रोक मिनी रेसर घेताय? या चुका टाळा

विकणाऱ्याने गाडी दाखवायला बाहेर काढली की आपला हात आधी थ्रॉटलकडे जातो. तो आवरा आणि सिलिंडरला लावा. इंजिन कोमट लागलं, तर तुम्ही येण्याआधीच गाडी फिरवून तयार ठेवलेली आहे. चहा घ्या, द्राक्षांचे भाव विचारा, हवं तर एक चक्कर मारून या, पण इंजिन पुरतं गार झाल्याशिवाय किक मारू नका. टू-स्ट्रोक तापलेली असली की तिची निम्मी दुखणी झाकली जातात.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मशिन शॉपमध्ये काम करतो. दिवसभर बोअर गेज हातात, मायक्रॉनच्या गोष्टी. आणि याच माणसाने भाच्यासाठी पन्नास सीसीची, बारा इंची चाकांची मिनी रेसर (मुलांची शर्यतीची छोटी मोटारसायकल) घेतली ती नुसत्या डोळ्यांनी बघून. भाचा अकरा वर्षांचा. "मामा, आवाज ऐक ना!" एवढंच म्हणाला, आणि मी पैसे मोजले. पुढचं सगळं त्या दिवसाचं व्याज आहे.

"पन्नासच्या आत आहे, पासिंग लागत नाही"

हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. अर्धवट ऐकलेल्या कायद्यातून ते आलंय. मोटार वाहन कायद्यात पन्नास सीसीपर्यंतची मोटारसायकल सोळाव्या वर्षानंतर चालवायला मुभा आहे, पण त्यासाठीही लायसन्स लागतं आणि गाडीचं रजिस्ट्रेशनही. कायद्याच्या व्याख्येतून सुटते ती चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची गाडी. तुमची ४९ सीसीची त्यात बसत नाही.

म्हणजे ही गाडी फक्त ट्रॅकवर किंवा स्वतःच्या खासगी जागेत. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडे रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो हे मलाही ठाऊक आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतरचं कलम १९९अ एकदा वाचा: अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. गाडी टेम्पोत घालून न्या. पेठ रोडच्या आरटीओत हिचं काही होत नाही, म्हणून आरसीच्या बदल्यात निदान विक्रीचा कागद, त्यावर चेसिस आणि इंजिन नंबर, आणि गाडी बाहेरून आणलेली असेल तर आयातीच्या कागदांची प्रत एवढं मागून घ्याच. नंबर घासलेला दिसला तर उठून चालू लागा.

किलोमीटर विचारू नका, तास विचारा

शर्यतीच्या छोट्या इंजिनाचं आयुष्य तासांत मोजतात. "फार चालली नाही हो" याला काही अर्थ नाही. शेवटचा पिस्टन आणि रिंग कधी टाकली, त्यानंतर किती तास पळाली, हे विचारा. ज्याने खरंच शर्यतीत चालवली आहे त्याच्याकडे वही असते. ज्याच्याकडे वही नाही, त्याच्या गाडीचा रिंग-पिस्टन तुम्हालाच बदलायचा आहे असं धरून भाव पाडा.

आता खरी तपासणी. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि काटा थांबेपर्यंत किक मारा. थ्रॉटल बंद ठेवला तर आकडा खोटाच कमी येतो. साधारण १२० पीएसआयच्या वर असेल तर बरं, शंभराच्या खाली गेला तर रिंग-पिस्टन संपत आलेत. त्या-त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच प्रमाण.

मग सायलेन्सरचे नट काढा. कोणी काढू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. एक्झॉस्ट पोर्टमधून (सिलिंडरमधलं धूर बाहेर जायचं भोक) मोबाइलचा टॉर्च मारा आणि हाताने इंजिन हळू फिरवा. पिस्टनची बाजू राखाडी, गुळगुळीत दिसली पाहिजे. उभे ओरखडे, ॲल्युमिनियम चोपडल्यासारखे चकाकणारे पट्टे दिसले तर हा पिस्टन एकदा तरी पकडलेला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकलेला आहे. नंतर प्लगच्या भोकातून एक लाकडी काडी पिस्टनवर टेकवा, पिस्टन अर्ध्यावर आणा आणि मॅग्नेट (क्रँकच्या टोकाचं चुंबकी चाक) अगदी थोडा पुढेमागे करा. मॅग्नेट हलला पण काडी हलली नाही, तर कनेक्टिंग रॉडचं खालचं नाहीतर वरचं बेअरिंग गेलेलं आहे. क्रँक उघडायचा खर्च या छोट्या गाड्यांत कधीकधी गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

चिनी पॉकेट बाइक असेल तर एवढं करत बसू नका. त्यांची इंजिनं ब्रश कटर आणि फवारणी पंपाच्या खानदानातली. कॉम्प्रेशन बघा, फ्रेमची वेल्डिंग बघा, बस. सुटे भाग दिल्लीच्या करोल बागेतून नाहीतर ऑनलाइन मागवावे लागतात. ब्लॉक खराब झाला तर अख्खा बदलतात, दुरुस्त कोणी करत नाही. शिकाऊ पोराला ठीक, शर्यतीला नाही.

रंग नवा, स्टिकर चकचकीत, याला भुलायचं नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं. सायलेन्सरकडे मात्र कोणी बघत नाही. टू-स्ट्रोकचं ते फुगीर पोट शोभेला नसतं. त्यातून उलट परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. त्यावर मोठा पोचा असेल किंवा कोणी पाइप मधूनच कापून जोडला असेल, तर पॉवर गेली. टायरवर चार आकडे शोधा: २२१८ म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. जुन्या टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर दगड झालेलं असतं.

ऑइल: लुनाचा हिशेब इथे चालत नाही

आमच्या वडिलांच्या पिढीने लुना चालवली, पंपावर पेट्रोलसोबत टूटी ऑइल अंदाजाने घातलं आणि लुना पळत राहिली. द्राक्षाच्या बागेत फवारणी पंपाला आजही तसंच घालतात. शर्यतीच्या इंजिनाला अंदाज चालत नाही. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, १:४० म्हणजे २५ मिली, १:५० म्हणजे २० मिली. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, कपाने मोजू नका.

दोन गैरसमज इंजिन खातात. पहिला, "थोडं जास्त ऑइल घातलं की इंजिन सुरक्षित." कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक छिद्रातून, ठरावीकच द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी जातं आणि मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, म्हणजे इंजिन उलट जास्त तापतं. दुसरा त्याहून महाग. यामाहाच्या पीडब्ल्यू ५० सारख्या गाड्यांत ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो, पण शर्यतीवाले बऱ्याचदा पंप काढून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. टाकी मात्र जागेवर दिसते. नवा मालक टाकीत ऑइल बघून निर्धास्त होतो आणि साधं पेट्रोल भरतो. पुढचं सांगायला नको. पंप चालू आहे की काढलेला, हे विचारा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा दर्जा) लिहिलेलं ऑइल घ्या. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ कोणी फुकट दिलं तरी नको.

नाशिकची थंडी आणि मेमधला जेट

ही चूक माझी, पूर्णपणे माझी. आमची मिनी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पळालेली, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीवर. नाशिक साधारण ६०० मीटर उंचावर. हवा सहा-सात टक्के विरळ, म्हणून तिथला जेट इथे रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. मे महिन्यात मखमलाबादच्या पुढे एका नातेवाइकांच्या पडीक शेतात ती फडफडत, धूर सोडत चालायची. मी मेन जेट दोन नंबरांनी लहान टाकला. काय सुटली! भाचा खूश, मी त्याहून खूश.

डिसेंबरात एका पहाटे तिथेच गेलो. थंडी अशी की बोटं किकवर चिकटावीत, पारा दहाच्या आसपास. चाळीस अंशांच्या मेपेक्षा ही हवा दहा टक्के दाट. म्हणजे उंचीमुळे जेवढी विरळ झाली होती त्याहून जास्त थंडीने भरून काढली, आणि माझा जेट तर लहान केलेला. त्यात पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. साध्या पेट्रोलला हवा लागते १४.७ पट, याला साधारण साडेतेरा पट. त्याच जेटवर मिश्रण आणखी आठेक टक्के लीन. या तिन्ही गोष्टी मला सुट्या सुट्या माहीत होत्या. एकत्र मात्र कधी मांडल्या नाहीत.

तिसऱ्या फेरीला सरळ पट्ट्यावर आवाज एकदम स्वच्छ, बारीक आणि धारदार झाला. मी मनात म्हटलं, आज काय पळतेय! पुढच्या क्षणी पिस्टन पकडला आणि मागचं चाक मातीत घासत गेलं. भाच्याला दोन बोटं कायम क्लचवर ठेवायला शिकवलं होतं, म्हणून तो पडला नाही.

तो धारदार आवाज कानात साठवून ठेवा. टू-स्ट्रोक अचानक जास्त छान पळायला लागली तर थ्रॉटल सोडायचा, खूश व्हायचं नाही. हिवाळ्यासाठी एक-दोन नंबर मोठे जेट डबीत ठेवा. फुल थ्रॉटलवर एक फेरी मारून, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग बघा: चहासारखा तपकिरी हवा. पांढरा निघाला तर पुढची फेरी नाही.

बोर मारून दिला, पण पोर्ट?

पकडलेल्या गाडीचा ब्लॉक (सिलिंडर) लोखंडी लायनरचा होता, म्हणून बोर मारायचा, म्हणजे सिलिंडर आतून किंचित मोठा करायचा, ठरवून ०.२५ मिमी ओव्हरसाइज पिस्टन मागवला. पुण्याच्या नाना पेठेतून आला. (निकासिल, म्हणजे आतून निकेलचा कठीण थर दिलेला ब्लॉक असता तर बोर मारता आला नसता, कोटिंग नव्याने करावं लागतं. हेही घेतानाच विचारून ठेवा.) बोर आमच्याच लाइनमधल्या एका मुलाने मारला, होनिंगसकट. मी स्वतः मोजला: वर, मधे, खाली, आडवा, उभा. पिस्टनशी अंतर मॅन्युअलप्रमाणे. एक मायक्रॉन इकडे नाही की तिकडे नाही. दहा मिनिटांत रिंग तुटली.

ब्लॉक घेऊन वडाळा नाक्याजवळच्या मेकॅनिक चाचांकडे गेलो. केस पांढरे, चष्म्याला दोरी. गेज त्यांनी मागितलंच नाही. एक्झॉस्ट पोर्टच्या कडेवरून करंगळी फिरवली आणि ती माझ्यासमोर धरली. टोकाला रक्ताचा एक बारीक थेंब.

"पोर्ट आहे की ब्लेड? रिंग इथून मिनिटाला हजारो वेळा जाते. तिला कड मारून दिली का तू?"

बोर मारला की प्रत्येक पोर्टची कड उताराची करावी लागते, हाताने, बारीक दगडाने. नाहीतर रिंग पोर्टमध्ये किंचित फुगून कडेला अडकते. लेथवाल्याला पंप आणि व्हॉल्व्ह बॉडी करायची सवय, त्याच्या ड्रॉइंगमध्ये पोर्ट नसतात. नाशिकमध्ये बोर मारणारे गल्लोगल्ली मिळतील. टू-स्ट्रोकचा ब्लॉक केलेला माणूस शोधा, आणि परत आल्यावर तुमचीही करंगळी एकदा फिरवा.

घरी आणल्यावर तक्रार निघाली तर

थ्रॉटल सोडला तरी आरपीएम उतरत नाही, आयडलला वर-खाली होते: कुठून तरी हवा ओढतेय. चालू इंजिनावर मॅनिफोल्ड आणि बेस पॅकिंगभोवती कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा, तापलेला सायलेन्सर टाळून. आवाज बदलला ती जागा फुटकी. तिथे काही सापडलं नाही तर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक ऑइल सील. खात्रीसाठी इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून सहा पीएसआय हवा भरा, सहा मिनिटं टिकली पाहिजे. हवा ओढणाऱ्या गाडीचा जेट कितीही बदला, ती शेवटी पिस्टन पकडणारच.

पांढरा धूर हटत नाही आणि गिअर ऑइल कमी होतं: क्लचच्या बाजूचं सील. गार असताना चालू होते आणि तापली की बंद पडते, पुन्हा तासाभराने चालू: बहुतेक वेळा मॅग्नेटची कॉइल किंवा सीडीआय (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा). बंद पडल्याबरोबर स्पार्क बघा, गार झाल्यावर बघून उपयोग नाही. प्लग सारखा काळा-ओला होत असेल तर लगेच गरम प्लग टाकू नका, आधी चोक नीट बसतोय का आणि फ्लोटची पातळी बघा. एनजीकेच्या प्लगचा आकडा जेवढा मोठा तेवढा तो थंड, हे लोक नेमकं उलटं समजतात.

आणि ऑइल मिसळलेलं पेट्रोल टाकीत ठेवून पंधरा दिवस गाडी झाकून ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात तर कार्ब्युरेटरच्या तळाशी हिरवट चिकट थर बसतो आणि पायलट जेट बुजतो. आम्ही आता मखमलाबादहून निघायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करतो, आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत भाचा कानाला हात लावून शेजारी उभा राहतो.