गच्ची गळतेय? कंत्राटदाराकडून भरपाई अशी मागा

गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं, दहा वर्षांची गॅरंटी हातात पडली आणि पहिल्याच पावसात हॉलच्या छताला ओल धरली. कंत्राटदार दोनदा ‘बघतो’ म्हणाला, आता फोन उचलत नाही. अशा वेळी ‘चारशेवीसचा गुन्हा दाखल कर’ सांगणारे खूप भेटतात. त्यांचं ऐकू नका. पोलीस ठाण्यातून बहुधा ‘हा दिवाणी मामला आहे’ एवढंच ऐकून परत याल. राहत्या घराच्या कामासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग गाठा. कंत्राटदार दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

कोटेशन, बिल, गॅरंटीचा कागद आणि पैसे दिल्याचे पुरावे एका फाइलीत लावा. बिलच नसेल तर यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं चालतं. चॅट खोडू नका, फोन बदलू नका.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची. गळती पहिल्यांदा दिसली त्या दिवसापासून मोजा, म्हणजे धोका नाही. ‘पावसाळा संपला की करून देतो’ अशा आश्वासनांनी मुदत वाढेल या भरवशावर बसू नका.

आता खरा अवघड टप्पा. माझ्या पहिल्या तक्रारीत घाम फुटला तो इथेच. छत गळतंय हे कुणीही दाखवेल. ते याच माणसाच्या कामामुळे गळतंय हे दाखवायचं असतं. समोरून ठरलेली उत्तरं येतात: मूळ स्लॅबलाच तडे होते, टाकीचा पाइप फुटलाय, तुम्ही नंतर सोलर बसवताना भोकं पाडली. या प्रत्येकाला उत्तर तुमच्या कागदांत आधीच हवं. ओल्या भिंतीचे शंभर फोटो जोडून ते मिळत नाही.

म्हणून दुसऱ्या मिस्त्रीला गच्चीला हात लावू देऊ नका. एकदा नवा कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) पडला की जुन्या कामाचा पुरावा त्याच्याखाली गाडला गेला. तोवर ताडपत्री टाका, तिची पावती ठेवा; जास्त नुकसान होऊ दिलं असा ठपकाही मग तुमच्यावर येत नाही.

मग कंत्राटदाराला लेखी कळवा: अमुक तारखेला, अमुक वाजता इंजिनिअर पाहणी करणार आहेत, हजर राहा. स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवर, दोन्हीकडे. तो आला तर उत्तम. नाही आला तरी ‘माझ्या माघारी केलं’ हे रडगाणं त्याला गाता येणार नाही.

पाहणीला चार्टर्ड इंजिनिअर आणा. ओळखीतला दुसरा कंत्राटदार नको. त्याला पुढचं काम हवं असतं आणि समोरचा वकील नेमकं तेच विचारतो. आधी टाकीचे पाइप तपासून घ्या आणि ते कोरडे असल्याचं अहवालात लिहून घ्या. मग पाऊस नसताना गच्चीतून पाणी जायची तोंडं बंद करून पाणी साठवायचं आणि खाली ओल कुठे, किती वेळाने उतरते ते टिपायचं. किती पाणी साठवायचं हे इंजिनिअरलाच ठरवू द्या. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलो वजन. जुन्या स्लॅबवर ते अंगाशी येऊ शकतं.

शेवटी संशयाच्या जागी कोबा थोडा फोडून पाहायचा. जाडी कोटेशनप्रमाणे आहे का, पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेला वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार, नीट केलाय का, उतार पाण्याच्या तोंडाकडे आहे का. मोजपट्टी धरून फोटो काढा, निघालेले तुकडे पिशवीत तारीख घालून ठेवा. अहवालात ‘काम असमाधानकारक’ असलं मोघम वाक्य चालवून घेऊ नका. काय ठरलं होतं, काय झालंय आणि त्यामुळे पाणी कुठून शिरलं, या तीन गोष्टी स्वच्छ लिहून, सहीशिक्क्यासह घ्या. इंजिनिअरची फी द्यायला जिवावर येतं, पण सबंध तक्रार त्या कागदावर उभी असते. ती फी खर्चात मागाही.

यानंतरचं सोपं आहे. पंधरा दिवसांची नोटीस द्या. रकमेत गच्ची पुन्हा करण्याचा खर्च (दोन कोटेशनं जोडा), आतल्या प्लास्टर-रंगाचं नुकसान, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च धरा. त्रासापोटी दहा लाख मागायचा मोह आवरा. मोघम मोठा आकडा दिसला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही संशय येतो.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर भरता येते. कामापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आयोगाची नोटीस पोचल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे सवलत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्कं केलंय. निकाल तीन-पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, तयारी ठेवा.

आदेश झाला आणि पैसे आले नाहीत, तर कलम ७१ खाली वसुलीचा आणि ७२ खाली शिक्षेचा अर्ज करा. ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड आहे. कंत्राटदार अपिलात गेला तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, आणि मुदत ४५ दिवसांची. ती उलटून गेली की थांबू नका, अर्ज टाकाच. जामिनासाठी उभं राहायची वेळ आली की पैसे हप्त्याहप्त्याने का होईना सुटतात.