किनाऱ्यावरून स्कूबा: आधी बाहेर यायची वेळ ठरवा

‘आठ-दहा मीटरच तर खोल आहे, त्याचं काय एवढं प्लॅनिंग?’ अंदमानातल्या हॅवलॉकला (सरकारी नाव स्वराज द्वीप) हे दर मोसमात कानावर येतं. बोलणारा बहुधा ओहोटीच्या तोंडावर उतरतो आणि पाठीवर सिलिंडर घेऊन खडकांतून ठेचकाळत परत येतो. निमो रीफसारखी जागा, जिथे बोट न घेता वाळूवरून चालत पाण्यात जाता येतं, ती निवांत नक्कीच आहे, पण पाणी भरलेलं असेल तेव्हाच.

हे ओपन वॉटर सर्टिफिकेट (स्कूबाचा पहिला अभ्यासक्रम) झालेल्यांसाठी लिहितोय. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांनी इन्स्ट्रक्टर सांगेल तेवढंच करावं.

सामान, जोडीदार, डाइव्ह सेंटरचा डाइव्ह मास्टर (पाण्यात सोबत येणारा वाटाड्या) हे सगळं ठरलंय असं धरतो. मगरीबद्दल काही सूचना आहे का, हे त्याच दिवशी सेंटरवर विचारा. विचारायला लाजू नका, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत.

आता भरतीचं गणित. मला सगळ्यात जड हेच गेलं, आणि नेमकं हेच कुणी नीट सांगत नाही. ‘सकाळी लवकर जा’ हा सल्ला अर्धवट आहे. सकाळी ओहोटी असली तर लवकर जाऊन करणार काय? किनाऱ्यालगतचा मेलेल्या प्रवाळांचा आणि खडकांचा पट्टा तेव्हा उघडा पडतो. घोटाभर पाण्यात, पायाखाली काय आहे ते न दिसता चालावं लागतं. तिथे सागरी साळू, म्हणजे काळे काटे असलेले गोळे, फटींत बसलेले असतात. पातळ बूटातून काटा सहज आत जातो.

कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा. मुंबई-अलिबागला ठीक आहे, अंदमानला हे लावू नका. पोर्ट ब्लेअरचं (आता श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि उलटं मोजा. समजा, पूर्ण भरती ९.३० ला आहे. तीच बाहेर यायची वेळ. पाण्याखाली ४५ मिनिटं, चालणं, पोहणं आणि तपासणीला अर्धा तास, म्हणजे ८.१५ ला पाय पाण्यात. चढत्या भरतीबरोबर बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं, त्यामुळे दिसतंही बरं. थोडा उशीर झालाच, तरी परतीला पाणी शिल्लक असतं. ओहोटीला उतरून भरतीची वाट बघत तरंगायचा ‘हुशार’ सल्ला कुणी दिला, तर सोडून द्या.

निवड करता येत असेल तर अष्टमीच्या आसपासचा भांग (पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस) घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त असते. संध्याकाळच्या भरतीवर भरवसा ठेवू नका. अंदमानात घड्याळ आपलंच, पण डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो.

उतरताना बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) फुगवा, रेग्युलेटर (श्वासाची नळी) तोंडात, मास्क डोळ्यांवर. पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत सरका, म्हणजे वाळूत दडलेला पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जातो. फिन (पायातले वल्ह्यासारखे पंख) कमरेएवढ्या पाण्यात, जोडीदाराच्या खांद्याला धरून घाला. वाळूवरच घालून बदकासारखं चालणारे पहिल्या लाटेला आडवे होतात. परतताना पोट वाळूला टेकेपर्यंत पोहत या. छातीभर पाण्यात उभं राहिलात की पाय प्रवाळावर पडतो, आणि तो तुटतो.

हवेचा हिशेब सोपा. ११ लिटरचं सिलिंडर, २०० बार दाब. ५० बार राखून ठेवले की १६५० लिटर उरतात. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस सरासरी ८ मीटरवर ३६ लिटर घेतो, म्हणजे जेमतेम ४५ मिनिटं. किनाऱ्यावरून गेलेल्याला परतही यायचं असतं, म्हणून १३० बारला वळा, समोर कितीही छान मासा असो.

बुडण्यासाठी अंगावर घ्यायची वजनं भरलेल्या सिलिंडरवर ठरवू नका. २०० चे ५० बार होईपर्यंत सुमारे दोन किलो हवा निघून जाते आणि ॲल्युमिनियमचं सिलिंडर वर ओढू लागतं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबता आलं नाही, तर वजन कमी पडलंय.

समुद्रफुलातल्या क्लाउनफिशला बघायचं असेल तर हातभर लांब, स्थिर राहा. तो चिडून मास्कवर धावून येतो, येऊ द्या. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलू नका. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासल्या जातात.

विमानाचं तिकीट काढताना एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, जास्त असतील तर १८ तास मध्ये सोडा. फेरीबोट रद्द होऊ शकते, म्हणून शेवटचा दिवस मोकळाच ठेवा.