नोकरी सांभाळून गाडीचं काम कसं शिकावं

दिवसभराचं काम उरकून रात्री इंजिनवरचं पुस्तक उघडलं, की तिसऱ्या पानावर डुलकी लागते. मी दोन महिने त्यात घालवले. त्यापेक्षा सरळ स्वतःची गाडी उघडा.

पहिल्या आठवड्यात एकही नट सोडवायचा नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल काढा (बहुतेकांचं अजून पिशवीतच असतं) आणि बोनेट उघडून बॅटरी, कूलंटची टाकी, ब्रेक ऑईल, एअर फिल्टर ओळखा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. डिपस्टिक (इंजिन ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून पुसा, परत घाला आणि मग पातळी बघा. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

मग चाक काढायला शिका. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, नंतर जॅक लावा. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, गाडी खाली आली की टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, खाली जॅक स्टँड लावलेच पाहिजेत. हत्यारांमध्ये काटकसर कुठेही करा, इथे नाही.

आता ऑईल बदलणं. खालचा बोल्ट सोडण्याआधी वरचं ऑईल भरायचं झाकण उघडतंय ना, ते बघा. नाहीतर जुनं ऑईल वाहून जातं आणि नवीन ओतायला वाट नाही. नवीन फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑईल लावा आणि तो हातानेच आवळा. माझ्या पहिल्या खेपेला जुन्या फिल्टरची रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती. तिच्यावरच मी नवा फिल्टर बसवला. इंजिन सुरू केलं आणि अर्ध्या मिनिटात खाली काळं तळं! तेव्हापासून जुना फिल्टर उलटा करून रिंग त्याच्यासोबत आली का, ते आधी बघतो.

खरी गंमत दोष शोधण्यात आहे. एक साधा मल्टीमीटर घ्या: गाडी काही तास उभी असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू झालं की बहुतेक गाड्यांत १४ च्या आसपास. चालू इंजिनवरही आकडा १२ वरच राहिला, तर नवी बॅटरी आणण्याआधी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तपासा. पुढे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायचा स्कॅनर. समजा पी०३०१ आला, म्हणजे पहिला सिलिंडर मिसफायर करतोय, त्यातलं इंधन नीट पेटत नाही. प्रत्येक स्पार्क प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) असेल, तर इंजिन बंद आणि थंड असताना पहिली आणि तिसरी कॉइल आपसांत बदला, कोड पुसा, गाडी फिरवा. आता पी०३०३ आला, तर दोषी कॉइल सापडली. तरीही पी०३०१ च आला, तर प्लग आणि इंजेक्टरकडे वळा.

मोठं काम शनिवारी सकाळी काढा. रविवारी संध्याकाळी नाही. एखादा बोल्ट तुटला, तर सोमवारी कामावर जायचं कसं?

टायमिंग बेल्ट, एअरबॅग ही कामं सध्या गॅरेजलाच द्या. पण मेकॅनिकला विचारून शेजारी उभे राहा आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. खराब वॉटर पंप किंवा स्टार्टर वर्तमानपत्रावर ठेवून एखाद्या संध्याकाळी खोलता येतो. तो परत जोडता नाही आला, तरी बिघडत नाही.