घरच्या संगणकासाठी रेड: निवड आणि जोडणी

रेड, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकाच डिस्कसारख्या वापरण्याची पद्धत, लावण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: एखादी डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, एवढ्यापुरतीच ही सोय आहे. चुकून पुसलेली फाइल रेड तितक्याच तत्परतेने दोन्ही डिस्कवरून पुसते. म्हणून बॅकअप वेगळा ठेवावाच लागतो.

रेड ० मध्ये माहिती दोन डिस्कवर विभागून ठेवल्यामुळे वेग वाढतो, पण दोनपैकी एक डिस्क गेली की सगळेच जाते. १९८८ साली पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना ज्या निबंधात मांडली, त्यात १ ते ५ असेच प्रकार होते. शून्य मागाहून चिकटले, आणि घरात त्याला जागा नाही असे माझे मत आहे. रेड ५ मध्ये, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरची माहिती परत मिळवण्यासाठी एका डिस्कएवढी जागा राखणाऱ्या प्रकारात, ४ टेराबाइटच्या चार डिस्कमधून १२ टेराबाइट जागा मिळते, हा मोह मोठा असतो. मात्र एक डिस्क बदलल्यावर उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात आणि त्या काळात दुसरी बिघडली तर काहीच हाती लागत नाही. साध्या घरगुती वापरासाठी दोन डिस्कचे रेड १, म्हणजे दोन्हींवर एकच मजकूर ठेवणारे मिररिंग, मला सर्वांत योग्य वाटते. निम्मी जागा जाते, ती जाऊ द्यावी.

डिस्क घेताना ती सीएमआर, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता शेजारी शेजारी ठेवणारी, आहे याची खात्री करावी. एसएमआर डिस्कवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असल्यामुळे सलग मोठे लेखन करताना ती फार मंदावते, आणि रेडची पुनर्बांधणी, म्हणजे बदललेल्या डिस्कवर सगळी माहिती पुन्हा भरणे, हे नेमके तेच काम असते.

मदरबोर्डच्या बायोसमधील (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधील) रेडपेक्षा ऑपरेटिंग सिस्टिममधील रेड बरे, कारण मदरबोर्ड जळाल्यास पुन्हा तसाच शोधत बसावे लागत नाही. लिनक्समध्ये यासाठी एमडीएडीएम हा प्रोग्रॅम आहे, तर विंडोजमध्ये स्टोरेज स्पेसेस या सोयीतील दुहेरी मिरर. जोडणी करताना दोन्ही डिस्क कोऱ्या होतात, तेव्हा जुनी माहिती आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर कागदाच्या पट्टीवर लिहून, केसचे झाकण उघडताच दिसेल अशा कडेला चिकटवावा. बिघाडाच्या वेळी घाईघाईत चांगलीच डिस्क काढली जाण्याचा प्रकार अगदी सहज घडतो.

खरी माहिती भरण्याआधी, संगणक बंद करून एका डिस्कची केबल काढावी आणि पुन्हा सुरू करून फाइली उघडतात का, बिघाडाची सूचना मिळते का, हे पाहावे. नंतर डिस्क परत जोडून पुनर्बांधणी होऊ द्यावी. सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगाने ४ टेराबाइट भरायला सुमारे साडेसात तास लागतात. सूचना आली नसेल, तर ती येईपर्यंत पुढे जाऊ नये, कारण एक डिस्क मेलेली असतानाही मिरर वरवर अगदी पूर्वीसारखाच चालत राहतो.