हींच चारात बसत नाही

संगणकावर मिडीत (कुठला स्वर कधी दाबला, कधी सोडला याची नोंद) वाजवलेल्या चालीचं वादकांना वाचता येईल असं पान कसं काढायचं, ते सांगते. पियानो रोल येतो, व्हेलॉसिटी म्हणजे काय ते ठाऊक आहे, क्लिकवर, म्हणजे ठोके देणाऱ्या टिकटिकीवर, रेकॉर्ड करता येतं, इतकं धरून चालते. येत नसेल तर आधी महिनाभर तेच करा.

मी बडोद्याची. दांडियाबाजारात वाढले, घरात पेटी होती, एम.कॉम. केलं आणि संध्याकाळी एका छोट्या स्टुडिओत अरेंजरच्या हाताखाली फुकट बसू लागले. नवरात्राआधीचे दोन महिने आमच्याकडे स्टुडिओवाल्यांना डोकं वर काढायला फुरसत नसते. त्या वर्षी एका गरब्यात खरी व्हायोलिनं घ्यायची ठरली. चार वादक, तासावर पैसे, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेले स्वर) वाचून वाजवणारे. माझ्या मिडी ट्रॅकवरून त्यांची पानं काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मी हो म्हटलं. हो म्हणायच्या आधी एक रात्र मागून घ्यायला हवी होती.

ट्रॅक कानाला छान होता. स्कोअर, म्हणजे त्याचं लिहिलेलं रूप, उघडला तर पानावर मुंग्या सुटलेल्या. चौसष्टाव्या भागाचे रेस्ट (थांबे), एका स्वराला तीन-तीन टाय (तुकडे जोडणाऱ्या कमानी). घाबरू नका, हे सगळ्यांचंच होतं. मिडीच्या फाइलमध्ये बीटचे टिक्स, म्हणजे बारीक तुकडे, असतात, पुष्कळदा एका क्वार्टर नोटला (इथे एक ठोका) ४८०. माणूस २८ टिक्स उशिरा वाजवतो आणि ४१० टिक्सवर बोट उचलतो. कानाला तो सरळ एक ठोका. सॉफ्टवेअरने मात्र तेच प्रामाणिकपणे लिहायचं म्हटलं की आधी इवलासा रेस्ट, मग तुकड्यातुकड्यांनी जोडलेला स्वर, मग पुन्हा रेस्ट. तुमचा हात वाईट नाही. कागदाला ठोकळे लागतात, हात ठोकळ्यांनी चालत नाही, एवढंच.

आता जिथे मी पडले ते. जरा लांबेल, पण हे सोडून बाकीचं वाचलंत तर उपयोग नाही.

नवीन प्रोजेक्ट उघडलं की बहुतेक सॉफ्टवेअर फोर-फोर देतं, म्हणजे एका बारात (आवर्तनात) चार ठोके. मी तो बदललाच नव्हता. गरबा हींच तालात होता, सहा मात्रांचा. वाजवताना क्लिकच्या एका ठोक्यात मी आपोआप तीन मोजत होते, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या वेळी काहीच खटकलं नाही. मग पान स्वच्छ करायला सगळे स्वर निवडले आणि सिक्स्टींथच्या (पाव ठोक्याच्या) ग्रिडवर क्वांटाइझ मारलं, म्हणजे प्रत्येक स्वर जवळच्या घरात सरकवला. पान एकदम आरशासारखं! मी खूश. सेव्ह केलं, प्रोजेक्ट बंद केलं, घरी जाऊन सेव-उसळ खाल्ली.

झालं काय ते आकड्यांत बघा. एका ठोक्यात तीन समान स्वर म्हणजे ०, १६० आणि ३२० टिक्सवर. सिक्स्टींथचं ग्रिड ०, १२०, २४०, ३६० असं. १६० ला जवळचं घर १२०, ३२० ला जवळचं ३६०. म्हणजे १६०, १६०, १६० असं समान अंतर होतं त्याचं १२०, २४०, १२० झालं. पानावर हे इतकं नीटनेटकं दिसतं की संशयही येत नाही: एक सिक्स्टींथ, एक एट्थ (अर्धा ठोका), पुन्हा एक सिक्स्टींथ. हींचचा झोका गेला.

वादकांनी लिहिलं होतं तेच वाजवलं, त्यांचा काय दोष? खाली ढोलीचा ढोल खऱ्या हींचमध्ये, वर व्हायोलिनं लंगडी. स्टुडिओवाले भाई काचेपलीकडून म्हणाले, "बेन, आ गरबो लंगडाय छे." माझे कान तापले. अनडू तर कालच प्रोजेक्टबरोबर गेलेलं. एडिटरमधल्या त्या क्वांटाइझने मूळ स्वरच हलवले होते आणि दुसरी प्रत मी ठेवलीच नव्हती. अर्धा तास वादक बसून राहिले, त्या अर्ध्या तासाचे पैसे कोणी भरले ते विचारू नका.

तर करायचं काय? दिसणं आणि वाजणं वेगळं ठेवायचं. स्कोअर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या कागदापुरतं क्वांटाइझ असतं, त्याने मिडीला धक्का लागत नाही. लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये स्कोअर एडिटर उघडला असताना रीजनच्या (रेकॉर्ड केलेल्या तुकड्याच्या) खिडकीत क्वांटाइझ, इंटरप्रिटेशन, सिंकोपेशन आणि नो ओव्हरलॅप दिसतात. इंटरप्रिटेशन चालू केलं की बारीक रेस्टचा बराच कचरा जातो. क्यूबेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या स्कोअर एडिटरमध्ये डिस्प्ले क्वांटाइझ होतं, नोट्सना वेगळं, रेस्टना वेगळं. २०२४ च्या क्यूबेस १४ पासून तिथे डोरिको या नोटेशनच्या सॉफ्टवेअरवर उभारलेला नवा एडिटर आला, म्हणून जुने व्हिडिओ बघून बटणं शोधत बसू नका. एबलटन लाइव्ह किंवा एफएल स्टुडिओ वापरत असाल तर स्टाफ नोटेशनचा एडिटर त्यांत नाहीच. मिडी बाहेर काढून म्यूजस्कोअर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या, तो फुकट आहे. पण तिथेही आयात करताना ग्रिड विचारपूर्वक निवडा, आणि मूळ फाइलला हात लावू नका.

पण या सगळ्याआधी ताल. हींचला सिक्स-एट, म्हणजे बारात सहा एट्थ. रूपक असेल तर सात, आणि तीन-दोन-दोन अशी बीमची (स्वरांना जोडणाऱ्या आडव्या रेघांची) जुळणी हाताने करून घ्या, नाहीतर वाचणाऱ्याला सम सापडत नाही.

लाज याची वाटते की हे मला लहानपणीच शिकवलेलं होतं. पेटीच्या बाई वहीत पानाच्या डोक्यावर आधी राग, मग ताल लिहायला लावायच्या. मात्रांचे विभाग आखल्याशिवाय एक सुद्धा स्वर लिहू द्यायच्या नाहीत. याच गावात १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा काढली आणि मुलांना लिहिलेल्या स्वरांवरून शिकवलं. त्या शाळेजवळच्या सूरसागर तळ्याजवळून रोज जाणारी मी, आणि प्रोजेक्टच्या डोक्यावर ताल लिहायला विसरले.

"एका बटणात स्वच्छ स्कोअर" सांगणाऱ्यांवर माझा राग आहे, तो राहणार. महागडे कोर्सही मला पटत नाहीत. त्यापेक्षा एक वाजवणारा माणूस गाठा, ज्याच्या खिशात पेन्सिल असते. चहा पाजा, पान समोर ठेवा, तो कुठे अडतो ते बघत बसा. माझ्यासाठी ते आमचे व्हायोलिनवाले काका. बोलतात तुसडं. पहिल्या दिवशी मी रडकुंडीला आले होते. पण चूक कुठे आहे ते दाखवतात, चूक कोणाची आहे ते कधी बोलत नाहीत.

छोट्या गोष्टी पटकन सांगते. सस्टेन पेडलने लांबलेला आवाज स्वराच्या लांबीत धरला जात नाही, म्हणून पानावर तो तुटका दिसतो. लांबी हाताने वाढवा, पण कॉपीवर. पिच बेंडने घेतलेली मींड स्कोअरवर येत नाही, वर रेघ काढून लिहावी लागते. प्रत्येक टप्प्याला फाइल नव्या नावाने सेव्ह करा. हो, प्रत्येक.

पुढच्या सेशनला काकांनी पान घेतलं, आधी तालाचा आकडा पाहिला, मान हलवली. मला वाटलं सुटले. मग त्यांनी चौथ्या बारवर पेन्सिल टेकवली. "हा सी शार्प कुठून आला?" चाल भैरवीतली, सा म्हणजे सी. कोमल रिषभ हा डी फ्लॅटच लिहायचा, पट्टी तीच असली तरी. पण मिडीला शार्प-फ्लॅट कळत नाही, त्याच्यापाशी फक्त ६१ हा आकडा असतो. की सिग्नेचर (पानाच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची खूण) कोरी ठेवली तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने नाव देतं. चार फ्लॅटची, म्हणजे ए फ्लॅट मेजरची लावली की रे, ग, ध, नी चारही आपोआप कोमल होऊन बसतात.

लावली. त्या दिवशी रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे मी तिसऱ्यांदा गेले.