करंजीची मुरड मातीत घालताना
दिवाळीच्या करंजीची आठवण मातीत घडवायची असेल, तर सुमारे ५ मिलिमीटर जाडीची पारी लाटून, कडांना ओरखडे पाडून व पातळ कालवलेली माती लावून ती मिटावी. मुरड मात्र, माती किंचित आवळल्यावर पण ताठ होण्यापूर्वी, बोटांनीच घालावी. कातण्याने कापलेल्या कडेत त्या घरच्या हाताची ओळख उरत नाही, आणि माझ्या आईची दाट, थोडी तिरकी मुरड मला त्या ओळखीसाठीच जपावीशी वाटते. पोकळ करंजीच्या तळाशी सुईने छिद्र ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ झाल्यास ती भट्टीत फुटते. स्टोनवेअरची, म्हणजे उच्च तापमानाला भाजून दगडासारखी टणक होणारी, माती वाळून व भाजून एकूण साधारण १० ते १२ टक्के आकसते, म्हणून आकार त्या हिशेबाने मोठा धरावा.