घर घेण्याआधी शाळेची चौकशी: ती कितवीपर्यंत आहे?

सांगलीत घर घेऊ पाहणाऱ्या आणि मुलांना जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत घालण्याचा विचार असलेल्या पालकांसाठी हे लिहीत आहे. आम्ही विश्रामबागच्या पुढे फ्लॅट घेतला तेव्हा मुलगी दुसरीत जाणार होती. शाळा घरापासून पाच मिनिटांवर होती, वर्ग स्वच्छ होते, बाई जीव लावून शिकवत होत्या. एवढे सगळे पाहिले आणि शाळा कितवीपर्यंत आहे, हे विचारायचे राहिले. ती चौथीपर्यंत होती.



म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: शाळा कितवीपर्यंत आहे? आपल्याकडे पहिली ते चौथी प्राथमिक आणि पाचवीपासून हायस्कूल ही घडी जुनी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे टप्पे केले आणि राज्याच्या नियमांनी पहिल्या टप्प्याची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या, तर दुसऱ्याची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. तरीही अनेक शाळा आजही चौथीलाच थांबतात. अशा शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क कायदा देतो, दाखलाही लगेच मिळायला हवा, परंतु ती दुसरी शाळा घराजवळ असेलच असे नाही. आमच्या बाबतीत ती अडीच किलोमीटरवर, सांगली-मिरज रस्त्याच्या पलीकडे निघाली. त्यातच तिथल्या पाचवीच्या बहुतेक जागा त्याच संस्थेच्या प्राथमिक विभागातून वर आलेल्या मुलांनी भरलेल्या होत्या. प्रवेश मिळाला तो सकाळच्या सत्रात. आम्ही दोघेही नोकरी करणारे. मुलगी दुपारी घरी येणार तेव्हा घरात कोणी नसे, आणि रिक्षाचा खर्च दोन वर्षे सोसावा लागला. दुसरीच्या वर्गाबाहेर उभे राहून पाचवीचा प्रश्न विचारला असता, तर आम्ही याच पैशांत रस्त्याच्या त्या बाजूला घर पाहिले असते.

तेव्हा घर पाहायला जाताना दोन शाळा पाहाव्यात, आजची आणि पाचवीची. पाचवीच्या शाळेत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: स्वतःचा प्राथमिक विभाग आहे का, बाहेरच्या मुलांना पाचवीत किती जागा उरतात, आणि पाचवीचे वर्ग सकाळी भरतात की दुपारी. गाडीवरून अंतर मोजू नये. मुलाला बरोबर घेऊन, दप्तरासह चालत जावे.

शिक्षकांबाबत ‘चांगले आहेत’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. मुख्याध्यापकांना मंजूर पदे किती आणि कार्यरत किती, असे स्पष्ट विचारावे. कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि मुले साठांहून जास्त असतील तर सुमारे तीस मुलांमागे एक, असे प्रमाण आहे. पद रिकामे असेल तर एकच शिक्षक दोन वर्ग सांभाळतो. पट दरवर्षी घसरत असेल तर अधिक सावध राहावे, कारण संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदे मंजूर होतात तेव्हा, पटावरूनच पदे ठरतात आणि आज दिसणारे शिक्षक उद्या दुसरीकडे समायोजित होऊ शकतात. मागील तीन वर्षांचा पट विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही. भेट मे महिन्यात देऊ नये, तेव्हा फक्त इमारत दिसते. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्यानंतर मधल्या सुट्टीत जावे.

शाळा कोणाच्या हद्दीत आहे, हेही लक्षात घ्यावे. आपल्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, पलूसला आहे. तिथे सहावीच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असतात आणि त्या जागांसाठी तिसरी, चौथी व पाचवी ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण केलेली असावी लागते. माधवनगर किंवा बुधगावसारख्या ग्रामपंचायतीच्या गावातील शाळा आणि महापालिकेची शाळा यांत अंतर थोडे असले तरी इथे फरक पडतो. याही ठिकाणी प्रश्न पुन्हा तोच: ग्रामीण शाळा चौथीपर्यंतच असेल, तर पाचवी कुठे करणार?

सांगलीत पुराचा विचार सोडून चालत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. त्या वर्षी घरापाशी पाणी कुठवर आले, हे लोक सांगतातच. शाळेत आणि शाळेच्या वाटेवर कुठवर आले, हे मात्र आपण विचारावे लागते. उंचावरच्या शाळांत पूरग्रस्तांची सोय केली जाते, त्यामुळे तिथले वर्गही काही दिवस बंद राहतात. ही चौकशी दोन्ही शाळांची करावी.

बाकीचे थोडक्यात. मुलींचे स्वच्छतागृह वापरात आहे का, नळाला पाणी आहे का, पोषण आहार रोज शिजतो का, हे पाहावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांपैकी एखाद्याशी बोलावे. सेमी इंग्रजी कितवीपासून आहे, ते विचारावे.

विसार देण्याच्या आदल्या दिवशी पाचवीच्या शाळेत पुन्हा एकदा जाऊन यावे. आम्ही धाकट्याच्या वेळी तेवढे केले.